आईच्या साड्यांचं दुपटं: दुःखात हाताला काम देताना

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी तिचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात नेसून बाहेर जायच्या साड्या, खालच्यात घरातल्या. घरातल्यांपैकी सगळ्यात वरच्या साडीच्या पदराला सेफ्टी पिन तशीच होती आणि तिच्याभोवती कापडावर तांबूस डाग धरायला लागला होता. मी पिन काढली, कपाट लावून घेतलं आणि त्या दिवशी पुढं काहीच केलं नाही. नंतर त्याच साडीचं दुपटं शिवलं, तीन फूट बाय तीन फूट. शाळेत शिकवलेल्या धावदोऱ्यापलीकडे शिवणातलं मला तेव्हा काही येत नव्हतं.

त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या बऱ्याच जणींना आणि काही पुरुषांनाही मी असं दुपटं शिवायला बसवलं. प्रश्न दरवेळी तेच असतात. कधी सुरुवात करू? कुठली साडी घेऊ? मध्येच रडू आलं तर? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. घरातलं माणूस गेलंय आणि सुई धरायची सवय नाही, अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. दुपटं शिवलं की दुःख जाईल, अशा आशेनं बसू नका. यातून मिळतं ते इतकंच: गेलेल्या माणसापाशी रोज अर्धा तास बसायला एक जागा, आणि अर्ध्या तासानं उठून भाजी चिरायला जायची मोकळीक. ही ये-जा फार महत्त्वाची आहे. नेदरलँड्समधले मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल हेच मांडलं. शोकातलं माणूस कधी दुःखाकडे तोंड करून बसतं, कधी पाठ फिरवून बँकेची, रेशनची, मुलांच्या शाळेची कामं उरकतं, आणि सावरणं घडतं ते या दोन्हींमधल्या हेलकाव्यातून. नुसतं रडत बसणं किंवा नुसतं कामाला जुंपून घेणं, दोन्हींत माणूस अडकतं. शोकाच्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) तुम्ही ऐकल्या असतील. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांनी त्या एकेक करून चढायच्या असतात असं मनावर घेऊ नका. कुणी विचारलं, "अजून तू सावरली नाहीस?", तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

कात्रीच्या आधीचे दिवस

सुरुवातीला घरात माणसांची वर्दळ असते. दहावा, तेरावा असतो, कुणाकडे चाळिसावा, कुणाकडे पुण्यानुमोदन. त्या गर्दीत कुणीतरी म्हणतंच, "कपडे देऊन टाका बाई, डोळ्यांसमोर नकोत." चांगल्या मनानं म्हणतात. पण सगळे देऊ नका. दिलेलं परत मागता येत नाही. चार-पाच कपडे एका पिशवीत घालून, तोंड बांधून ट्रंकेत तळाशी ठेवा आणि ट्रंक लावून टाका. बाकीचं काय करायचं ते घरचे ठरवतील.

त्यातला एक कपडा न धुतलेला असू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत, हवा न जाईल असा. आईच्या घरातल्या ब्लाउजला तेलाचा, हिंगाचा आणि अंगाला लावायच्या पावडरीचा मिळून एक वास होता. एकदा साबणाचं पाणी लागलं की तो गेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

पहिले तीन महिने कात्री हातात घ्यायची नाही, हा माझा नियम आहे. तीनच का, याला शास्त्र नाही. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं आणि कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही, एवढंच. हात अगदीच शिवशिवत असतील तर घरातली जुनी चादर घ्या आणि तिच्यावर धावदोरा घालायचा सराव करा.

काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे वापरू नयेत अशी समजूत असते. तिथं वाद घालू नका. थोरांना सरळ विचारा, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा म्हणाले तर थांबा. आमच्याकडे मी भीतभीतच विषय काढला, तर आत्या म्हणाली, "अगं, लुगड्यांच्या गोधड्या आपण पिढ्यान्‌पिढ्या पांघरतोय. आजीच्या लुगड्यातच तू लहानाची मोठी झालीस." बऱ्याच घरांत थोरल्या बायकांचं म्हणणं हेच निघतं. विचारेपर्यंत ते कळत नाही, इतकंच.

कुणाचा जीव कशात, ते विचारा

ही पायरी मी गाळली होती आणि त्याचं प्रायश्चित्त मला भोगावं लागलं. आईची एक डाळिंबी रंगाची सुती इरकल होती. मऊ, धुऊन धुऊन विरलेली, गोधडीला अगदी योग्य. मी ती कापली. पंधरा दिवसांनी धाकटीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, ती डाळिंबी कुठं आहे? माझ्या बाळंतपणात आई तीच नेसून दवाखान्यात बसून होती. पुढच्या खेपेला नेईन म्हणते." मला बोलताच येईना. त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तिचं काही चुकलं नाही.

तेव्हा कापायच्या आधी सगळ्या कपड्यांचे फोटो काढा आणि भावंडांना, वडिलांना, मावशी-आत्यांना पाठवा. सोबत इतकंच लिहा: "यातलं कुणाला काय हवं ते सांगा, मी पंधरा दिवस थांबते." कुणी काही मागितलं तर का हवंय ते विचारू नका, देऊन टाका. आणि फोटोसोबत लोक आठवणी लिहून पाठवतात, त्या एका वहीत उतरवून ठेवा. ही साडी कुठल्या लग्नातली, कुणी दिलेली, तेव्हा काय झालं होतं. माझ्या अर्ध्या वहीत अशा गोष्टी आहेत ज्या आईनं मला कधीच सांगितल्या नव्हत्या.

घड्या उलगडताना प्रत्येक कोपरा तपासा. पदराच्या गाठीत पैसे असतात, सदऱ्याच्या खिशात औषधांची चिठ्ठी असते, एसटीचं तिकीट असतं. मला पदराच्या टोकाला बांधलेली दहाची नोट मिळाली. गाठ मी अजून सोडलेली नाही. तेवढा तुकडा कापून डबीत ठेवला आहे.

कापड कुठलं

पहिल्या दुपट्याला सगळ्यात लाडकी साडी घ्यायची नाही. हात बसलेला नसतो, टाके वेडेवाकडे पडतात, आणि मग त्या साडीची नासाडी केली असं वाटत राहतं. घरात नेसायची दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची साडी निवडा. लाडकी साडी दुसऱ्या दुपट्याला.

सुती आणि जुनं कापड सर्वांत चांगलं. सुई लोण्यातून जावी तशी जाते. नायलॉन, जॉर्जेट सरकतं, नवख्याला आवरत नाही. रेशमी साडी मुळीच कापू नका, ती नेसायला ठेवा. वडिलांचे सुती सदरे, पंचे, धोतर, लुंगी उत्तम. सदऱ्याची बटणपट्टी आणि खिसा तसाच ठेवून वरच्या थरात घेता येतो. माझ्या एका मैत्रिणीनं वडिलांच्या सदऱ्याचा खिसा मधोमध ठेवला आणि त्यात त्यांचं चष्म्याचं फडकं घालून ठेवलं.

कापड उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड आरपार येतो तिथं ते विरलंय, तो भाग आतल्या थरात जाऊ द्या.

दोन ठिकाणी मात्र थांबा. अपघातानंतर किंवा दवाखान्यातून परत मिळालेले शेवटच्या दिवसाचे कपडे या कामाला घेऊ नका. ती पिशवी उघडायचीच असेल तर दुसऱ्या कुणाला उघडू द्या. आणि मूल गेलं असेल तर त्याचे कपडे कापू नका. झबलं अख्खंच्या अख्खं कापडावर ठेवून कडेनं टाके घालता येतात, आणि पुढं कधी वाटलं तर ते उसवून जसंच्या तसं परत काढून घेता येतं.

सामान आणि हिशोब

सामान अगदी थोडं लागतं. गोधडीची जाड सुई, शिवणसामानाच्या दुकानात याच नावानं मागा. जाड सुती दोरा साठेक मीटर, शक्यतो फिकट रंगाचा, म्हणजे आपले टाके आपल्याला दिसतात. टाचण्या, कात्री, टेप, कच्चे टाके घालायला साधा दोरा, मेणबत्तीचा तुकडा आणि बोटात घालायचं अंगुस्तान. शेवटची वस्तू घ्याच. मी घेतली नव्हती, आठव्या दिवशी मधलं बोट सुजलं.

नेहमीची साडी साधारण साडेपाच मीटर असते. दोन्ही काठ उभे कापून वेगळे काढा आणि गुंडाळी करून ठेवा. उरलेल्या कापडाचे एकेक मीटरचे पाच तुकडे होतात. एक वर, एक खाली, तीन मध्ये. म्हणजे एका साडीत एक दुपटं बसतं. नऊवारी असेल तर मध्ये तीनऐवजी दोनच तुकडे घालून दोघा भावंडांचं काम होतं.

टाक्यांच्या दोन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवलं तर सगळा धावदोरा मिळून १४४ फूट होतो, म्हणजे सुमारे ४४ मीटर. गाठी आणि उरलेली टोकं धरून साठ मीटर दोरा पुरतो. नवखा हात अर्ध्या तासात पाच-सहा फूट जातो. रोज अर्धा तास बसलात तर महिनाभराचं काम झालं. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण पूर्ण आकाराची गोधडी घेऊन बसलेली माणसं बहुतेक अर्ध्यातच सोडतात, आणि मग ती अर्धी गोधडी कपाटात आणखी एक ओझं होऊन बसते.

फाडणं

सुती साडी सरळ रेषेत हवी असेल तर कात्रीनं बोटभर काप द्यायचा आणि दोन्ही हातांनी फाडायची. धाग्याला धाग्यानं सरळ फाटते. पण त्याचा आवाज होतो. त्या आवाजानं माझ्या पोटात खड्डाच पडला. मी अर्धी फाडून थांबले, साडी तशीच मांडीवर घेऊन बसले, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी कात्रीनं सावकाश कापली. वेळ जास्त लागला, रेषा वाकडी आली, चाललं. तुम्हाला आवाज सोसणार नसेल तर आधीपासूनच कात्री घ्या. किंवा हे एक काम दुसऱ्या कुणाला सांगा. यात कमीपणा काही नाही.

थर लावणं

तुकडे आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवा. फरशी पुसून खालचा तुकडा पसरा, उलटी बाजू वर. त्यावर मधले तीन. हे तीन चारही बाजूंनी इंचभर लहान कापून घ्या, म्हणजे कडा जाड होत नाहीत. मग वरचा तुकडा, सुलटी बाजू वर. चार कोपऱ्यांवर डबे ठेवा. तळहातानं मधून कडांकडे सुरकुत्या सारत न्या. वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून टाचण्या लावा, आणि साध्या दोऱ्यानं वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घाला. हे कच्चे टाके आळस करून टाळू नका. आपल्याकडची गोधडी कडेपासून आत आत शिवत जातात, मधे कापड गोळा होऊ नये याची जबाबदारी या कच्च्या टाक्यांवर असते.

माझ्या थरांना दुसऱ्या बाजूनं बाबांनी धरलं होतं. आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. कोपरा धरून बसले, कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही मी आणली होती. तुळजापूरहून येताना. म्हणाली, रंग फार गडद आहे." एवढंच. पुढच्या दिवशी तेच विचारायला लागले, "आज बसायचं ना शिवायला?"

रोजचं बसणं

वेळ ठरलेली असू दे आणि जागाही. दुपारचं जेवण झाल्यावरची वेळ बऱ्याच जणींना बरी पडते, उजेड असतो. रात्री झोपायच्या आधी नको, डोक्यात तेच घेऊन अंथरुणाला पाठ टेकली की झोप उडते. मोबाइलवर तीस मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की हातातली ओळ पुरी करा, सुई कापडात खोचा, दुपटं घडी करून झाकणाच्या डब्यात किंवा पेटीत ठेवा आणि झाकण लावा. डोळ्यांसमोर पडून राहू देऊ नका. झाकण लावणं हा या कामाचाच भाग आहे.

दोरा एका वेळी हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततो, आणि अशा दिवसांत गुंता सोडवायचा धीर नसतो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, सरसर जातो. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. सुईवर तीन-चार टाके भरा, मग ओढा. बाहेरच्या कडेनं एक फेरा पुरा झाला की पाऊण इंच आत या आणि दुसरा फेरा. टाके लहान-मोठे होतील. उसवू नका. माझ्या दुपट्याच्या एका बाजूला टाके अर्धा इंच लांब आहेत. तो आठवडा आईच्या वाढदिवसाचा होता.

रडू येईलच. आलं की सुई आधी कापडात खोचा, मग रडा. सुई मांडीवर हरवली तर घरातल्या लहानांच्या पायात जाते. रडून झालं की पाणी प्या आणि एकच टाका घाला. तेवढा एक घालून उठलात तरी चालतं. काही दिवस एकही टाका पडणार नाही, नुसतं कापड हातात धरून बसाल. तोही अर्धा तास धरावा असं मला वाटतं.

"मला कला येत नाही" ही सबब फार ऐकू येते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ निरोगी प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं चित्र, चिकटकाम, माती असं काहीतरी करायला दिलं होतं. जवळपास तीन चतुर्थांश जणांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, त्यानंतर कमी झालं होतं, आणि आधी कला येत होती की नव्हती यानं फारसा फरक पडला नव्हता. ही माणसं शोकातली नव्हती, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. पण हात बसलेला नसला तरी हाताचं काम अंगाला लागतं, एवढा धीर यातून घ्यायला हरकत नाही.

सोबत

पहिले आठ दिवस एकटीनं बसा, मग कुणाला तरी बोलवा. समोरासमोर बसून "कशी आहेस?" विचारलं की तोंडाला कुलूप लागतं. दोघींच्या नजरा सुईवर असल्या की बोलणं आपोआप निघतं, आणि नाही निघालं तरी शांतता अवघडत नाही. आपल्याकडे हे जुनंच आहे. जात्यावर बसून बायकांनी माहेर, आई, गेलेलं लेकरू, सगळं ओव्यांतून बोलून दाखवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या अशा ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. हात फिरता असला की जीभ सुटते, हे त्या बायकांना ठाऊक होतं. शिवताना दोन ओळी सुचल्या तर गुणगुणा, यमक जुळलं नाही तरी.

लहान मुलांना वगळू नका. आजी कुठं गेली हे त्यांना विचारायचं असतं आणि मोठे रडतील म्हणून ती विचारत नाहीत. एका तुकड्यावर कपडे धुतल्यावर न जाणाऱ्या पेननं त्यांना चित्र काढू द्या आणि तो तुकडा वरच्या थरावर लावा. आमच्या धाकटीच्या मुलानं आजी म्हणून एक मोठा गोल चष्मा काढला, बाकी काही नाही.

कपडे नसतील तर

कोविडमध्ये अनेकांच्या हाती काहीच आलं नाही. कुणाचं माणूस परगावी गेलं, कुणाचं घर पुरात गेलं. अशा वेळी हस्ताक्षर शोधा. किराणा मालाची यादी, बँकेच्या स्लिपवरची सही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही. कागदाची झेरॉक्स हवी तितकी मोठी करून घ्या, भरतकामाचा कार्बन पांढऱ्या सुती कापडावर ठेवा, वर झेरॉक्स ठेवून अक्षर गिरवा आणि त्या रेषेवर टीप घाला: एक टाका पुढं, अर्धा मागं. "तूरडाळ १ किलो" एवढं शिवायला मला चार दिवस लागले. आईचा "ळ" कसा वळायचा ते मला त्या चार दिवसांत कळलं, तिच्या हयातीत मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

ज्यांना निरोपच देता आला नाही त्यांच्यासाठी कापडानं काय केलं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. एड्सनं माणसं जात होती तेव्हा भीतीपोटी आणि लाजेपोटी कित्येकांचे अंत्यविधीही धड झाले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकारानं लोकांनी गेलेल्यांच्या नावानं तीन फूट बाय सहा फुटांचे, म्हणजे थडग्याच्या मापाचे, तुकडे शिवले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर ते मांडले तेव्हा १,९२० तुकडे होते. आता ती संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे. कुणी जीन्स लावली, कुणी टेडी बेअर, कुणी नुसतं नाव. शिवणारे बहुतेक कारागीर नव्हते.

पत्र आत ठेवायचं असेल तर

बोलायचं राहून गेलेलं असतं. ते लिहून दुपट्याच्या मधल्या थरात ठेवता येतं, फक्त कागदावर लिहू नका, पहिल्या धुण्यातच लगदा होईल. पातळ सुती तुकड्यावर न जाणाऱ्या पेननं लिहा, इस्त्री फिरवा आणि मधल्या थरांसोबत घाला. कुणाला दिसणार नाही. राग असेल तर तोही लिहा. गेलेल्या माणसाचा राग येतो, आणि ते कुणापाशी बोलता येत नाही.

लिहिण्यानं शोक लवकर ओसरतो असं मात्र धरून चालू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून केलेल्या प्रयोगांत रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस मनातलं लिहिणाऱ्यांना त्या-त्या दिवशी उलट जास्तच जड वाटलं, फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत. आणि पुढे शोकातल्या माणसांवरच्या अभ्यासात तसा फायदा आढळलाही नाही. तेव्हा बोलायचं राहून गेलंय म्हणून लिहा, औषध म्हणून नको.

जेव्हा सुई पुरत नाही

झोप-जेवण महिनोन्‌महिने सुटलेलं असेल, कामावर जाता येत नसेल, सहा महिने उलटूनही डोळ्यांना पहिल्या आठवड्याइतकीच धार रोज लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा. लांबलेला शोक हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. गेलेल्या माणसाच्या मागं आपणही जावं असं मनात येत असेल तर दुपटं बाजूला ठेवा आणि आत्ताच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरात दुसरं कुणी असं बोलत असेल तर त्यांच्या हाती कात्री-सुई देऊन "मन रमव" म्हणू नका. त्यांच्यापाशी बसा आणि फोन तुम्ही लावा.

शेवटचा फेरा आणि पुढं

मधल्या चौकोनापाशी पोचलात की बऱ्याच जणींचा हात थांबतो. संपवलं की सोबतही संपेल, असं वाटतं. थांबा हवं तर. मी दीड महिना थांबले होते. मग बाजूला ठेवलेले काठ बाहेर काढा. काठाच्या सुटलेल्या कडेनं एकेक धागा ओढून काढता येतो. बंगालमध्ये जुन्या कांथा, म्हणजे तिकडच्या गोधड्या, शिवायला असेच साडीच्या काठाचे धागे काढून वापरत. जुना धागा तुटतो, म्हणून वीतभरच घ्या, दुहेरी करा, मेण लावा आणि शेवटचा लहान चौकोन त्यानं शिवा. मग काठ चारही कडांना लावा, हेम घालून. कच्चे टाके सगळ्यांत शेवटी उसवा.

मी धाकटीला डाळिंबी इरकलीचा उरलेला पदर दिला, सोबत चौकोनी उशीचा अभ्रा शिवून. तिनं काही म्हटलं नाही. रात्री अभ्र्याचा फोटो पाठवला, उशी भरलेली.

दुपटं शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. पहिल्यांदा एकटंच धुवा, गार पाण्यात, कारण आतल्या थरांचा रंग सुटतो. पिळू नका, ओलं असताना भलतं जड होतं. दोन दोऱ्यांवर मिळून सावलीत टाका. वाळल्यावर ते जरा आकसतं आणि टाक्यांच्या मधे बारीक फुगवटे येतात. सुती आहे, सात-आठ वर्षांत कुठं ना कुठं विरेल. विरलं की आतून नाही, वरून ठिगळ लावायचं आणि ठिगळातूनही तोच धावदोरा पुढं न्यायचा. माझ्या दुपट्याला आता दोन ठिगळं आहेत. एक घरातल्याच जुन्या उशीच्या अभ्र्याचं. दुसरं, ज्या कोपऱ्याला बाबांनी धरलं होतं तिथं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं. ते मागच्या दिवाळीनंतर लावलं.